नोंद सापडत नाही तेव्हा

व्हिसा घेऊन अमेरिकेत उतरलेल्या परदेशी माणसाच्या आगमनाची जी सरकारी नोंद होते, तिला आय-९४ म्हणतात. ही नोंद तिथले सीमाशुल्क व सीमासंरक्षण खाते ठेवते; सगळे त्याला सीबीपी या आद्याक्षरांनीच ओळखतात. नोंदीत आकडे-अक्षरांचा अकरा स्थानांचा क्रमांक असतो, उतरल्याची तारीख असते, प्रवेश कोणत्या वर्गात मिळाला ते असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किती तारखेपर्यंत राहता येईल ते असते. पाहुणा म्हणून गेलेल्याचा वर्ग बी-२, विद्यार्थ्याचा एफ-१, कंपनीने बोलावलेल्या नोकरदाराचा बहुधा एच-१बी. व्हिसा विमानतळावर जाऊन प्रवेश मागण्यापुरता असतो. मुक्काम किती दिवसांचा, हे आय-९४ वरची तारीख ठरवते. भारतीयांना पाहुण्यांचा व्हिसा साधारणतः दहा वर्षांचा मिळतो आणि एका खेपेचा मुक्काम बहुधा सहा महिन्यांचा. अमरावती-अकोल्याकडच्या घरांतून ‘दहा वर्षांचा व्हिसा आहे, आता काय चिंता’ असे सर्रास ऐकू येते. पुढच्या अनेक अडचणी याच समजुतीतून निघतात.

नोंद सापडेनाशी झाली की कामे अडतात. पाहुण्याला मुक्काम वाढवून घ्यायचा असेल तर अर्जात आय-९४ चा क्रमांक लागतो. विद्यार्थ्याला आणि नोकरदाराला सोशल सिक्युरिटी क्रमांक, वाहन परवाना, नोकरीच्या पहिल्या दिवसाची कागदपत्रे या सगळ्यांसाठी तीच नोंद दाखवावी लागते. आणि ज्याला स्वतःची मुदतच माहीत नाही, तो परतीचे तिकीट कोणत्या भरवशावर काढणार? वयस्कर माणसांच्या बाबतीत ही काळजी जास्त खरी आहे, कारण त्यांचा सारा कारभार मुलांच्या हातात असतो आणि मुले नोकरीच्या धबडग्यात असतात.

२०१३ पर्यंत आय-९४ हा कागद होता. विमानातच हवाई सुंदरी पांढरी कार्डे वाटायची. ती कार्डे प्रवाशांनी मोठ्या लिपीत भरायची, उतरल्यावर अधिकारी वरचा भाग फाडून ठेवायचा, खालच्या तुकड्यावर शिक्का मारून तो पासपोर्टात टाचून द्यायचा. परतताना विमान कंपनीचा माणूस तो तुकडा काढून घेई आणि माणूस देशाबाहेर गेल्याची नोंद त्यावरून होई. गर्दीत तो तुकडा काढायचा राहिला तर तो पासपोर्टाबरोबर थेट अकोल्याच्या कपाटात येऊन पडे, आणि अमेरिकेच्या दृष्टीने तो माणूस अजून तिथेच असे. असा तुकडा बोर्डिंग पास व इतर पुराव्यांसह केंटकी राज्यातल्या लंडन नावाच्या गावी टपालाने पाठवावा लागत असे. पाकिटावर लंडन लिहायचे आणि ते इंग्लंडला जाऊ नये म्हणून केंटकी ठळक काढायचे, असा तो उद्योग होता. प्रस्तुत लेखकाने अशी पाकिटे शेजाऱ्यांसाठी लिहिली आहेत.

३० एप्रिल २०१३ पासून विमानतळांवर आणि बंदरांवर कागदी कार्ड टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि नोंद संगणकावर गेली. आता प्रवाशाला काही भरावे लागत नाही. विमान कंपनी उड्डाणाआधीच प्रवाशांची यादी अमेरिकेला कळवते, व्हिसाची माहिती परराष्ट्र खात्याकडून आलेली असते, आणि खिडकीवरचा अधिकारी पासपोर्ट वाचून, बोटांचे ठसे व फोटो घेऊन प्रवेश देतो. या तीन धाग्यांतून नोंद विणली जाते. मग प्रवाशाने सीबीपीच्या साईटवर जाऊन नाव, आडनाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि नागरिकत्वाचा देश घातला की नोंद पडद्यावर येते आणि छापून घेता येते. सोय चांगली आहे. पण कागद होता तेव्हा त्यावर काय लिहिले आहे ते डोळ्यांना दिसत होते. आता नोंद बघायची तर आधी ती शोधावी लागते, आणि शोधण्यासाठी यंत्राने आपले नाव कसे लिहून ठेवले आहे ते ओळखावे लागते. अनेक विमानतळांवर पासपोर्टावर शिक्का मारणेही आता बंद होत चालले आहे, त्यामुळे ही संगणकावरची नोंदच पुष्कळांचा एकमेव पुरावा उरला आहे.

‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर आले म्हणजे नोंद झालीच नाही, असा अर्थ बहुतेक वेळा नसतो. नोंद असते, ती दुसऱ्या नावाखाली किंवा दुसऱ्या क्रमांकाखाली पडलेली असते. वऱ्हाडातल्या प्रवाशांच्या बाबतीत तरी लेखकाच्या पाहण्यात हेच कारण वारंवार आले आहे.

वऱ्हाडातून अमेरिकेला जाणाऱ्यांत दोन वर्ग ठळक आहेत. एक, शिकायला जाणारी मुले. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. बडनेरा, अकोला, शेगाव इथली महाविद्यालये १९८३ च्या सुमाराची. त्यांतून बाहेर पडलेल्या पिढ्या आता तिकडे स्थिरावल्या आहेत. दुसरा वर्ग त्या मुलांच्या आईवडिलांचा, जे लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला जातात आणि सहा महिने राहतात. पासपोर्टाचे काम नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत, कागद दाखवायला अमरावती-अकोल्यातली पोस्टातली केंद्रे, व्हिसाची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. व्हिसाचा लांबलचक अर्ज बहुधा मुलगा किंवा लेक तिकडून रात्री बसून भरते. तिकीट आणखी कोणी काढते. कोणी अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबई गाठते, कोणी नागपूरहून दोह्यामार्गे जाते; १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमानही सुरू झाले आहे. मुद्दा असा, की एका माणसाचे नाव चार-पाच वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले जाते, आणि मराठी नावाची रचना त्या रकान्यांसाठी झालेलीच नाही.

मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन पदांचे: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. भारतीय पासपोर्टात रकाने दोनच. आडनाव एका रकान्यात, उरलेली दोन्ही पदे दुसऱ्यात. तिकिटावर मधले नाव कधी असते, कधी नसते, कधी पहिल्याला चिकटून येते. आय-९४ शोधताना मुले सवयीने फक्त आईचे पहिले नाव घालतात आणि नोंद सापडत नाही. तिथे पासपोर्टातला संपूर्ण रकाना, म्हणजे स्वतःचे आणि नवऱ्याचे अशी दोन्ही नावे घालायची असतात. तरीही न मिळाल्यास दोन्ही नावे मध्ये जागा न सोडता जोडून घालून बघावीत, आडनाव आणि नाव यांची अदलाबदल करून बघावी. सीबीपी स्वतःही असेच सुचवते.

पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा भरलेल्या दोन ओळी असतात. यंत्र त्याच वाचते. प्रत्येक ओळीत ४४ जागा. पहिल्या ओळीतल्या पाच जागा प्रकार आणि देश यांना गेल्या की नावासाठी उरतात ३९. त्यातही आडनाव आणि नाव यांच्यामध्ये दोन बाण आणि पुढच्या दोन नावांमध्ये एक बाण लागतो. उदाहरणादाखल एक नाव रचून पाहू: चंद्रशेखर पुरुषोत्तम घुईखेडकर. इंग्रजी लिपीत घुईखेडकरची ११ अक्षरे, चंद्रशेखरची १४, पुरुषोत्तमची ११ आणि बाण ३. बेरीज बरोबर ३९. पण वऱ्हाडात वडिलांना कोणी नुसते पुरुषोत्तम म्हणत नाही, शाळेच्या दाखल्यावरही पुरुषोत्तमरावच असते. ‘राव’ची तीन अक्षरे आली की ओळ संपते आणि नाव छाटले जाते. फोटोशेजारी छापलेले नाव पूर्ण, यंत्राने वाचलेले नाव अपुरे. अशा प्रवाशाने साईटवर पूर्ण नाव घातले तर ते जुळेलच असे नाही; तळाच्या ओळीत जसे आहे तसे घालून बघणे हाच उपाय.

राव आणि बाई यांचा हा प्रश्न इतर कागदांवरही आहे. आधारवर राव, पॅनवर नाही. जुन्या पासपोर्टात शांताबाई, नव्यात शांता. वानखडे आणि वानखेडे, इंगळेच्या इंग्रजी लेखनातला मधला ए, ठाकरेचे दोन प्रकार, गावंडेमधला व्ही की डब्ल्यू, हे तर घरोघरी आहे. ज्यांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना मोकळाच राहिला आहे त्यांचे सगळे नाव अमेरिकी व्हिसावर आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू ही तीन अक्षरे छापली जातात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. शोधतानाही मग पहिल्या नावाच्या रकान्यात ती तीन अक्षरेच घालावी लागतात. ज्या बाईने आयुष्यभर आपले नाव अभिमानाने सांगितले तिला हे समजावून सांगताना वाईट वाटते, पण नोंद त्यानेच उघडते.

लेखकाच्या घरातला प्रसंग इथे सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण त्यात दुसरे मोठे कारण दिसते. लेखकाचे थोरले बंधू आणि वहिनी अकोल्याच्या जठारपेठेत राहतात. दोघे लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले. खिडकीवर दोघे एकत्रच उभे राहिले, अधिकाऱ्याने दोघांना एकत्रच सोडले. बाळ वेळेआधी आले, त्याला रुग्णालयात ठेवावे लागले, आणि आईवडिलांनी आणखी थोडे राहावे असे लेकीला वाटू लागले. मुक्काम वाढवण्याचा अर्ज भरायला घेतला तेव्हा दादांची नोंद लगेच निघाली आणि वहिनींची निघेना. इकडे अमरावतीत संध्याकाळ, तिकडे सकाळ. वहिनींचा आवाज फोनवर अगदी बारीक झाला होता: “भाऊजी, माह्या नावानं काईच निघत नाई म्हन्ते. मी आलीच नाई का मंग इथं?”

दादांचा पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही नवे होते. वहिनींचा व्हिसा मात्र आधीच्या खेपेचा, जुन्या पासपोर्टात चिकटवलेला आणि अजून मुदतीत असलेला. मधल्या काळात पासपोर्टाची मुदत संपली म्हणून अकोल्याच्या केंद्रातून नवा करून घेतला होता. जुन्याचा कोपरा कापून तो परत मिळाला होता, आणि दोन्ही पुस्तिका रबर लावून एकत्र ठेवल्या होत्या. असे दोन पासपोर्ट घेऊन जाणे पूर्णपणे नियमात बसते. पण नोंद होताना दोन क्रमांक समोर असतात: नव्या पासपोर्टाचा, आणि व्हिसाच्या माहितीतला जुन्याचा. लेक नवा क्रमांक घालत होती.

वहिनींच्या कागदांची फाईल तयार करताना दोन्ही पासपोर्टांच्या सर्व पानांच्या झेरॉक्स प्रती अमरावतीत ठेवलेल्या होत्या. त्यातून जुना क्रमांक, एक अक्षर आणि सात आकडे, फोनवर वाचून दाखवला. लेकीने तो घातला. पहिल्या नावाच्या रकान्यात वहिनींचे आणि दादांचे नाव मध्ये जागा ठेवून लिहिले. काही आले नाही. तीच दोन्ही नावे जोडून लिहिली आणि नोंद उघडली. तारीख बरोबर, वर्ग बी-२, मुदत दादांच्या मुदतीइतकीच. वहिनींनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली की आता आपण ‘कायद्यानं’ तिथे आहोत. त्या बाईंनी आयुष्यात एकही सरकारी कागद उशिरा भरलेला नाही. मधले काही तास आपण परक्या देशात बिनानोंदीचे आहोत या विचाराने त्यांनी तोंडात घास घेतला नव्हता. यंत्राच्या एका मोकळ्या जागेपायी म्हाताऱ्या माणसाला एवढी धास्ती सोसावी लागू नये, असे लेखकाला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

जन्मतारखेचा घोळ त्यापेक्षा लहान, पण आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही तारीख असंख्य वडीलधाऱ्यांची अधिकृत जन्मतारीख आहे. भारतात आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. १ जून तिकडच्या वाचनात ६ जानेवारी होऊ शकते. नाव आणि क्रमांक बरोबर असूनही नोंद निघत नसेल तर तारीख उलटी करून बघण्यात काही जात नाही. उलट्या तारखेला नोंद निघाली, तर मात्र ती दुरुस्त करून घेतलीच पाहिजे.

आणखी एक प्रकार अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांचा. तिथल्या विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेचेच अधिकारी बसतात आणि अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते. मग न्यूयॉर्कला किंवा शिकागोला उतरलेला प्रवासी देशांतर्गत विमानातून आल्यासारखा सरळ सामान घेऊन बाहेर पडतो. घरी पोचल्यावर मुलगा विचारतो, ‘इमिग्रेशनला किती वेळ लागला?’ आणि वडील सांगतात, ‘इथं तर कोणीच काही विचारलं नाही.’ लगेच घबराट होते. अशा वेळी अबुधाबीत काय झाले ते शांतपणे आठवावे. तिथे कोणी बोटांचे ठसे आणि फोटो घेतले असतील तर प्रवेश रीतसर झाला आहे.

सर्व प्रकार करून पाहिल्यावरही नोंद निघाली नाही, किंवा निघाली पण चुकीची निघाली, तर रस्ते दोन आहेत आणि कोणती चूक कोणाची यावर त्यांची निवड ठरते. प्रवेश देतानाच चूक झाली असेल, म्हणजे वर्ग चुकला, तारीख चुकली, नाव चुकले, तर सीबीपीच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयाकडे जायचे. ही कार्यालये मोठ्या विमानतळांवर किंवा त्यांच्या आसपास असतात, अनेक ठिकाणी ईमेलवरही काम होते, आणि या दुरुस्तीला फी नाही. दुसरा रस्ता नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याकडे आय-१०२ हा अर्ज करण्याचा. हरवलेल्या किंवा फाटलेल्या आय-९४ च्या बदली नवे मिळवण्यासाठी तो आहे. त्याला शेकडो डॉलर फी आणि काही महिन्यांचा धीर लागतो. घाबरलेली मुले पुष्कळदा आधी हा दुसरा अर्ज करून बसतात. पहिला रस्ता फुकटचा आणि जवळचा आहे, तो आधी चालून बघावा.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. जो माणूस अमेरिकेत राहूनच विद्यार्थ्याचा नोकरदार झाला किंवा ज्याची मुदत तिथेच वाढवून मिळाली, त्याचे नवे आय-९४ मंजुरीच्या पत्राच्या तळाशी छापून येते. ते सीबीपीच्या साईटवर दिसत नाही, तिथे जुनीच नोंद दिसते. ही नोंद हरवलेली नसते, दुसऱ्या खात्याने दिलेली असते. मंजुरीच्या पत्राची ती खालची पट्टी म्हणूनच मूळ कागदाइतकी जपायची.

वर्ग चुकल्याचे एक उदाहरण परतवाड्याच्या विद्यार्थ्याचे. तो आधी भावाकडे पाहुणा म्हणून जाऊन आला होता, त्यामुळे त्याच्या पासपोर्टात बी-२ आणि एफ-१ असे दोन्ही व्हिसे होते. शिकायला म्हणून उतरला तेव्हा त्याची नोंद पाहुण्याची झाली. विद्यार्थ्याच्या आय-९४ वर मुदतीच्या जागी तारीख नसते, डी/एस ही अक्षरे असतात, म्हणजे शिक्षण रीतसर चालू असेपर्यंत. याच्या नोंदीवर सहा महिन्यांनंतरची तारीख होती. त्याने ती मुदत समजून सोडून दिली असती. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षातल्या बाईंनी कागद हातात घेताच ओळखले. विद्यापीठाचे आय-२० हे पत्र, प्रवेशाची कागदपत्रे आणि दोन्ही व्हिसांची पाने घेऊन तो विमानतळावरच्या त्या कार्यालयात गेला आणि नोंद बदलून आली. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी त्याने त्यानंतर अर्ज केला. उतरल्यावर साधारण दहा दिवस थांबूनच तो अर्ज करावा, असे ते खातेही सांगते, कारण एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्याच्या संगणकात पोचायला वेळ लागतो.

नोकरदारांसाठी एक सूचना वेगळी. पासपोर्टाची मुदत व्हिसाच्या आधी संपत असेल तर अधिकारी मुक्कामाची तारीखही पासपोर्टाच्या मुदतीपर्यंतच देऊ शकतो. कंपनीचे मंजुरीपत्र तीन वर्षांचे, आणि आय-९४ आठ महिन्यांचे, असे होते. नोंद सापडते, पण ती वाचली जात नाही, आणि तारीख उलटून गेल्यावर कळते. रस्त्याने कॅनडा किंवा मेक्सिकोहून येणाऱ्यांचा प्रकारही निराळा: तिथे आय-९४ साठी फी भरावी लागते, जी ३० सप्टेंबर २०२५ पासून सहा डॉलरवरून तीस डॉलर झाली. विमानाने येणाऱ्याला अशी फी नाही.

आगमनाइतकीच प्रस्थानाची नोंद महत्त्वाची आहे. अमेरिकेतून निघताना भारतासारखे इमिग्रेशनचे टेबल नसते आणि शिक्का बसत नाही. विमान कंपनीच्या यादीवरूनच माणूस गेल्याचे धरले जाते. त्या यादीत नाव नीट जुळले नाही तर माणूस अकोल्यात आणि नोंद अमेरिकेत, असे होऊ शकते. मुदतीनंतर राहिल्यास त्या खेपेचा व्हिसा आपोआप रद्द ठरतो. १८० दिवसांहून जास्त काळ बेकायदा राहून परतणाऱ्यावर तीन वर्षांची, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहणाऱ्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी येते. वेळेत परतलेल्या माणसावर असा संशय आला तर त्याला स्वतःच सिद्ध करावे लागते. २६ डिसेंबर २०२५ पासून बाहेर पडणाऱ्या परदेशी प्रवाशांचेही फोटो घेण्याचा नियम लागू झाला आहे, त्यामुळे पुढे हा घोळ कमी व्हावा. मागच्या खेपांना मात्र त्याचा उपयोग नाही.

परतल्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याकडेच असतो: मुंबईला किंवा नागपूरला उतरल्यावर भारतीय इमिग्रेशनने पासपोर्टावर मारलेला शिक्का. भारतीय नागरिकांसाठी आगमनाचे कार्ड २०१४ साली आणि प्रस्थानाचे कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झाले, म्हणून शिक्क्याचे महत्त्व आणखी वाढले. तो पुसट बसला असेल तर तिथल्या तिथे विनंती करून पुन्हा नीट घ्यावा. परदेशी राहणाऱ्या मुलांना आयकरासाठी भारतातल्या मुक्कामाचे १८२ दिवस मोजावे लागतात, तेही याच शिक्क्यांवरून. शिक्क्याच्या पानाचा फोटो आणि परतीच्या बोर्डिंग पासचा तुकडा एवढे जपले तरी पुरते. आपल्याकडे बोर्डिंग पास गाडीतच चुरगळून टाकून दिला जातो.

सरकारच्या दप्तरी सगळे आहे, आपण कशाला जपायचे, असे म्हणणाऱ्यांनी ब्रिटनमधला विंडरश प्रकार आठवावा. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये आलेल्या लोकांची आगमनाची कार्डे तिथल्या गृहखात्याने जपून ठेवली होती. २०१० साली ती नष्ट करण्यात आली. १९७३ पूर्वी आलेल्यांना तिथे राहण्याचा हक्क होता, पण आपण कधी आलो हे दाखवायला अनेकांकडे कागद नव्हता. लहानपणी आईवडिलांच्या पासपोर्टावर आलेल्या, तिथेच म्हातारे झालेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढले गेले. एप्रिल २०१८ मध्ये हे सर्व उघडकीला आले आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. माणसाचे आयुष्य त्या देशात गेले होते, आणि आल्याचा एक पुठ्ठ्याचा तुकडा मात्र उरला नव्हता.

आईवडील अमेरिकेला यायचे असतील तर मुलांना एक विनंती आहे. ते घरी पोचल्यापासून पहिल्या आठवड्यातच दोघांची नोंद वेगवेगळी उघडा, नाव, वर्ग आणि मुदतीची तारीख त्यांना वाचून दाखवा, एक छापील प्रत त्यांच्या पासपोर्टात ठेवा आणि एक प्रत अमरावती-अकोल्याच्या घरी पाठवा. आधीच्या पासपोर्टाचा क्रमांकही त्या कागदावर लिहा. विमानाने आलेल्यांना सीबीपीच्या साईटवर ही नोंद फुकट मिळते. अमेरिकी सरकारच्या साईटचा पत्ता ‘डॉट जीओव्ही’ने संपतो. तसा न संपणाऱ्या आणि नोंद काढून देण्याचे पैसे मागणाऱ्या साईटवर पासपोर्ट क्रमांक घालू नका.